पैका न लागलेला सण

नाताळच्या दिवसांत याकोबतात्यांच्या ओट्यावर पाय ठेवला, की 'या, बसा' म्हणायच्या आधी ते हात छपराकडे करायचे आणि म्हणायचे, "बगा, पैका लागला न्हाय." मग आपण मान वर करायची, चारी बाजूंनी बघायचं आणि कौतुक करायचं. एवढं झाल्यावर बसायला पोतं मिळायचं. कौतुकात कसूर झाली तर चहा नुसता गुळाचा, आणि मनापासून झालं तर त्यात आलं पडायचं. मी तो चहा प्यायचे हे माझ्या सासूबाईंना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्यांनी ते ठाऊक करून घेतलं नव्हतं.

गोष्ट तीस सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली आहे. माझे यजमान सणसरला कालव्याच्या कचेरीत कारकून होते. कचेरीच्या मागे आम्हा नोकरमाणसांच्या खोल्या, खोल्यांच्या मागून एक लहानसा पाट वाहायचा, त्यावर फळी टाकलेली, आणि फळीच्या पलीकडे तात्यांचं दोन खणांचं घर. तात्या पाटकरी होते. कुणाच्या उसाला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे त्यांच्याकडे. त्यामुळे मोठमोठ्या बागाइतदारांना त्यांच्याशी गोड बोलावं लागे, आणि तेच बागाइतदार त्यांना आपल्या ओट्याच्या खाली उभं करत. तात्यांचे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा घरातला देव बदलला, पण गावाच्या लेखी बाकी काही बदललं नव्हतं. माझ्या सासूबाईही ती फळी ओलांडून कधी पलीकडे गेल्या नाहीत. तात्या त्यांना 'आक्का' म्हणत, त्या तात्यांना 'याकोबराव' म्हणत, आणि दोघं पाटाच्या दोन काठांवर उभे राहून घटकान् घटका भांडत. मधून पाणी वाहत असे.

तात्यांच्या अंगात खात्याचा खाकी कोट असायचा. त्याचा उजवा खिसा कायम फुगलेला. वाटेत सापडलेलं मोराचं पीस, सुतळीचा तुकडा, कुणीतरी टाकलेला चहाचा पुडा, लाखेचा खडा, सगळं त्यात जाई. चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद ते मांडीवर ठेवून नखानं इतका सपाट करत की त्यात तोंड दिसावं. त्यांचा नाताळ पौषात उगवायचा नाहीच मुळी, तो शिमग्याला सुरू व्हायचा. शिमग्यात ते पळसाची फुलं गोळा करून वाळवून ठेवत, कारण नाताळात दारावर लावायच्या कामट्यांच्या चांदणीच्या कागदाला भगवा रंग त्याच फुलांचा द्यायचा. पावसाळ्यात कांद्याच्या लाल साली सुपात साठत. त्या सुईदोऱ्यात ओवल्या की त्यांच्या माळा होत, आणि वाऱ्यावर त्यांचा असा काही आवाज येई की कुणी रेशमी लुगडं नेसून चाललंय असं वाटावं. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "सूनबाई, रेशमाला पैका पडतो."

मार्गशीर्ष लागला की उसाला तुरे फुटत. तुरा आला की उसाचा रस उतरतो, म्हणून शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या आणि आमच्या तात्यांचा चेहरा खुललेला. पाणी सोडायला गेले की बांधावरून विचारायचे, "तुरं काडू का चार?" एका बागाइतदारानं वैतागून त्यांना सांगितलं होतं, "न्या सगळं, तात्या. तुमचा सण आला का आमच्या फडाची माती हुती." तात्या भाराच घेऊन यायचे. काही तुरे निळीत बुडवायचे, काही हळदीत, काही तसेच रुपेरी ठेवायचे, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना बांधायचे. दुरून पाहिलं तर घरालाच तुरे फुटल्यासारखं दिसे.

त्यांच्याकडे एक रंगीत चित्र होतं, कुण्या मडमेनं त्यांच्या वडिलांना दिलेलं. चित्रात एक घर, घरापाठी झाड, आणि झाडावर, छपरावर, वाटेवर सगळीकडे पांढरं. तात्यांचा वर्षानुवर्षं ठाम समज होता की त्या झाडाला लाह्या चिकटवल्यात. म्हणून ते दरवर्षी बाभळीची चांगली पसरलेली फांदी आणून मडक्यात रोवत, आणि तिच्या एकेका काट्यावर ज्वारीची एकेक लाही टोचत. काम दोन-तीन दिवस चाले, बोटं रक्ताळत. पण झाल्यावर ती फांदी इतकी देखणी दिसायची की काटे कुठे गेले ते कळायचं नाही. बारामतीहून आलेल्या पाळकांनी, म्हणजे त्यांच्या पाद्रीसाहेबांनी, एकदा हसत हसत सांगितलं, की अहो, तो बर्फ आहे, विलायतेत पडतो. तात्यांनी चित्र पुन्हा नीट पाहिलं. "आसंल," म्हणाले. "पर बर्फ खाऊन प्वाट भरत न्हाय." आणि पुढच्या नाताळातही लाह्याच टोचल्या. सण झाला की वस्तीतली पोरं त्या झाडाचा फडशा पाडत.

एका वर्षी त्यांना वाटलं की गव्हाण खरीच पाहिजे. आमची गाय तेव्हा व्यायलेली होती. तिची गव्हाण ते मागून घेऊन गेले, त्यात कडबा पसरला, बाजरीची कणसं लावली, हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्या टांगल्या, आणि मधे मातीचा बाळ येशू निजवला. आमच्या गायीला आपली गव्हाण कुठे गेली याचा वास लागला. भल्या सकाळी दावं तोडून ती पाट ओलांडून गेली आणि बाळाला सोडून बाकी सगळं बेथलेहेम खाऊन आली. सासूबाई ओशाळल्या. तात्या मात्र खूश होते. "आक्का, खरी गव्हाण हुती म्हनून तर खाल्लं," हे त्यांनी महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

असा हा माणूस. पण कंजूषपणा म्हणून तो हे करत होता असं कुणी समजू नये. सुरुवातीला मीही तेच समजले होते. त्यांच्या बायकोला, सारजाबाईंना, मी पाहिलं नाही. आम्ही सणसरला यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. कागदाच्या माळा, सालींची ओवणी, तुऱ्यांना रंग, हे सगळं त्यांचं होतं. तात्यांना फक्त कामट्या तासता येत. त्या गेल्यावर तात्यांनी एकेक आठवून आठवून शिकून घेतलं. चांदणीचा कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं. त्यासाठी सारजाबाईंची एक लहान कढई होती, ती वर्षभर पालथी असायची. तात्या तिच्यात खळ ढवळत बसले की कुणी बोलायला जात नसे. "तिच्यावानी जमत न्हाय," असं एकदा ते मला म्हणाले. "गुठळी ऱ्हाती." मला त्या दिवशी त्यांच्या सणाला काय पडतं ते कळलं.

त्यांना एकच मुलगा, शमुवेल. सगळे शमू म्हणत. आईच्या वळणाचा, लाजरा, बोलायला कमी. तो दौंडला रेल्वेत चिकटला तेव्हा तात्यांनी गावभर सांगितलं. नोकरीतला पहिलाच नाताळ. आदल्या दिवशी शमू भिगवणला उतरला आणि तिथून चालत, सांज व्हायच्या सुमाराला घरी आला. तात्या ओट्यावर चांदणीच्या शेवटच्या कोनाला कागद लावत होते. वस्तीतली चार माणसं जमली होती, मीही फळीवर उभी होते. शमूनं पिशवीतून एक चपटी घडी काढली, दोन्ही हातांनी धरली आणि हलकेच उलगडली. ती लाल कागदाची चांदणी होती. कडांना सोनेरी पट्टी, अंगावर बारीक भोकांची नक्षी. पुण्याच्या कॅम्पातून आणलेली. घडी उलगडताना तिचा करकर आवाज झाला आणि बघता बघता ती सुपाएवढी झाली. असलं काही आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

"तात्या," शमू म्हणाला, "आता तुमी चिकटवत बसू नगा. दर वर्साला हीच लावायची. घडी मोडली का झालं."

त्याच्या मनात काय होतं ते मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. बापाची रक्ताळलेली बोटं त्यानं लहानपणापासून पाहिली होती. पण कुणीतरी मागून म्हणालं, "तात्या, सुटला की तुमी. आता कशाला ती कढई आन ती खळ." आणि तात्यांनी वर पाहिलं. त्यांच्या हाताला खळ होती. ते काही ओरडले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हात हायती तवर ह्या घरात इकतचा सण व्हायचा न्हाय. घाल ती आत खुंटीला."

जशी उलगडली तशीच शमूनं ती चांदणी मिटली, आत नेऊन ठेवली, आणि बाहेर येऊन बापाला कागद धरू लागला. नाताळ पार पडला. करंज्या झाल्या, आमच्या ओट्यावर पानावर ठेवलेला आमचा वाटाही आला. दुसऱ्या दिवशी उजाडताना शमू निघून गेला. पुढे दौंडच्या एका गाडीवाल्याकडून निरोप आला की तो नोकरी सोडून तिघाचौघांबरोबर आगबोटीनं समुद्रापार बसऱ्याला गेला, तेलाच्या कंपनीत. बापाला भेटायला आला नाही. तात्यांनी निरोप ऐकला, गाडीवाल्याला गूळपाणी दिलं आणि पाणी सोडायला निघून गेले.

त्यानंतर तात्या शमूबद्दल बोलत नसत. पण पुढच्या नाताळात त्यांनी एक भला लांब वासा आणला, घरामागे रोवला, त्याच्या टोकाला रहाटासारखी चाकी बसवली आणि आपली भगवी चांदणी दोरीनं पार वर चढवली. आत कंदील. इतकी वर्षं ती दारावर असे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कालव्याच्या वळणावरनं दिसाया पायजे. भिगवणवरनं चालत आला तर सांजच होती."

हे सासूबाईंनी ऐकलं. आमच्याकडे आश्विन-कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावतात. गेलेल्या माणसांना वरून वाट दिसावी म्हणून. माझे सासरे गेल्यापासून सासूबाई तो न चुकता लावत. त्या पाटाच्या काठावर गेल्या आणि म्हणाल्या, "याकोबराव, ती खाली घ्या. येवढ्या उंच दिवा मेलेल्या मानसाला लावत्यात. जित्याच्या नावानं लावू नये."

"ते तुमच्यात, आक्का," तात्या म्हणाले. "आमच्यात चांदनी जित्या मानसाला वाट दावती. बाळ येशूला बगाया ते मागी लोक तीच चांदनी बगून चालत आलं का न्हाय?"

"त्येंचं मला ठावं न्हाय. मला भ्या वाटतं."

"मग तुमी बगू नगा तिकडं."

त्या वर्षी आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. पुढच्या वर्षी वासा आणखी उंच झाला, आणि हेच बोलणं जवळपास याच शब्दांत पुन्हा झालं. त्याच्या पुढच्याही वर्षी. सासूबाई बोलून झाल्यावर आत येऊन देवापुढे हात जोडत, आणि एकदा मी ऐकलं तर त्या शमूसाठीच काही पुटपुटत होत्या. तात्या सांजेला चांदणी चढवून झाली की ओट्यावर न बसता कालव्याच्या भरावावर जाऊन उभे राहत. वळणावरून चांदणी नीट दिसते का ते बघायला जातो, असं सांगत. दिसायची. ती रोज तिथेच असायची, पण ते रोज बघायला जात.

मला त्या माणसाचा राग यायचा, आणि दयाही. दोन शब्द गोड बोलले असते तर काय गेलं असतं, असं मनात यायचं. पण त्याच क्षणी ती पालथी कढई डोळ्यांपुढे यायची, आणि मग कुणाचा राग करावा ते कळेनासं व्हायचं. शमूनं आणलेली चांदणी त्यांनी खुंटीवरून काढून ट्रंकेत ठेवली होती, जुन्या लुगड्यात गुंडाळून. लुगडं सारजाबाईंचं होतं. हे मला घर सारवायला येणाऱ्या बाईनं सांगितलं.

आमच्या सणसरच्या शेवटच्या वर्षी, भाद्रपदात, भिगवणकडचा एक माणूस तात्यांकडे आला. अंगात परदेशी कापडाचा सदरा, तोंडाचा रंग उन्हानं करपलेला. ओट्यावर दोघं बराच वेळ बसले होते. तो माणूस बोलत होता आणि तात्या त्याच्याकडे न बघता पाटाकडे बघत होते. मग तो उठून गेला. सासूबाईंनी अलीकडून विचारलं, "कोन हुतं वो?"

"वळखीचा," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. पाण्याच्या पाळ्या चुकल्या नाहीत. फक्त दसरा उलटला तरी कांद्याच्या साली सुपात तशाच पडून राहिल्या. कोटाचा खिसा सपाट दिसायला लागला. वाटेत चहाचा पुडा पडलेला दिसला तर ते त्याला वळसा घालून जात. माझ्या हे लक्षात आलं होतं, पण मी म्हटलं, वय झालं.

कोजागिरी होऊन चार-पाच दिवस गेले होते. संध्याकाळी सासूबाई मागच्या दारी आकाशदिव्यात तेल घालत होत्या. तात्या पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आक्का, तुमच्यात ह्यो दिवा कवापासनं लावत्यात?"

सासूबाईंनी तेलाची बुधली खाली ठेवली. "कोजागिरीपासनं," त्या म्हणाल्या, "ते तिरपुरी पुनवंपतूर."

"म्हंजी उशीर झाला."

"न्हाय झाला. आजपासनं लावा."

"पाळकसायबास्नी ईचारलं न्हाय म्या."

"त्येंना सांगायचं कशाला?"

तात्यांनी मान हलवली. ते वळले, आणि तेव्हा सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्या फळीवर चढल्या. फळी ओलांडली. मी बघतच राहिले. पलीकडे जाऊन त्या तात्यांच्या ओट्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. "माझ्याच तोंडाला येत हुतं दर वर्साला," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "माझी जीभ जळली का न्हाय." तात्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. सासूबाईंनी तो उचलला आणि त्या पाणी प्यायल्या. तात्या म्हणाले, "तुमचा काय दोस, आक्का. त्यो बसऱ्याचा मानूस सांगून गेला, दोन साल झालं त्येला. तितंच तापानं गेला. म्या जित्याला म्हनून लावत हुतो, ती मेल्यालाच लागत हुती." हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. मग सासूबाईंनी त्यांना दोरीला गाठ कशी मारायची, दिव्याला तेल किती, वारा असला तर काय करायचं, सगळं सांगितलं. एखाद्या घरात पहिल्यांदाच काही करायचं असलं की जाणत्या बाईनं जसं सांगावं, तसं.

त्याच आठवड्यात यजमानांची बदली बारामतीला झाली. सामान बैलगाडीत चढलं, आणि निघेनिघेपर्यंत दिवेलागण झाली. तात्यांचा निरोप घ्यायला मी फळीवरून पलीकडे गेले. ते वाशापाशी उभे होते. हातात शमूची लाल चांदणी, उलगडलेली. इतकी वर्षं घडीत राहूनही कागद फाटला नव्हता, फक्त घडीच्या रेघांवर रंग थोडा उडाला होता. आत त्यांनी दिवा ठेवला आणि दोरी ओढायला लागले. चांदणी हलत हलत वर गेली. भोकांतून उजेडाचे ठिपके तात्यांच्या कोटावर, भिंतीवर, माझ्या लुगड्यावर फिरले. पाटाच्या अलीकडे सासूबाईंचा आकाशदिवा लागलेलाच होता. दोन्ही दिवे जवळजवळ सारख्या उंचीवर होते.

मी नमस्कार केला. "नीट जा, सूनबाई," ते म्हणाले. सासूबाई गाडीत बसल्या होत्या, त्यांनी तिथूनच तात्यांना हात जोडले.

आमची गाडी हलते न हलते तोच समोरून उसाच्या बेण्याची एक गाडी आली. गाडीवान ओळखीचा. तात्यांच्या घरापाशी त्यानं बैल थांबवले आणि वर बघून नेहमीसारखी थट्टा केली. हवा पडलेली होती, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं. "तात्या, औंदा नाताळ लवकर काडला व्हय? पैका लागला न्हाय न्हवं?"

तात्या दोरीची गाठ बांधत होते. ती बांधून, एकदा ओढून बघून, मग ते म्हणाले, "लागला. ही इकतची हाय. माझ्या शमूनं आनलीया."